कामगार, वर्ण आणि प्रातिनिधिकतेचा प्रश्न : तीन अमेरिकन कादंबऱ्यांच्या निमित्ताने

१

पुरोगामी राजकारणात आर्थिक न्याय आणि वांशिक समावेशन यांच्या संबंधाची चर्चा सुरू झाली की तोलाची प्रतिमा हमखास पुढे येते. एका पारड्यात वेतन, कामाचे तास, रोजगाराची शाश्वती. दुसऱ्या पारड्यात वर्णामुळे वाट्याला येणारी अवहेलना आणि बहिष्कृतता. एकीला झुकते माप दिले तर दुसरीवर अन्याय होतो, म्हणून दोहोंचा समतोल साधला पाहिजे, असे सांगितले जाते. ही प्रतिमा समंजस वाटते. परंतु तिच्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे, की या दोन गोष्टी अनुभवाच्या पातळीवर एकमेकींपासून सुट्या करून स्वतंत्रपणे तोलता येतात. दुसरे असे, की तराजू धरणारा हात तटस्थ असतो.

अमेरिकेतील कामगार चळवळीने वर्णाच्या प्रश्नाशी कसा व्यवहार केला, याचे विवेचन इतिहासकारांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी विपुल केले आहे. ते विवेचन साहजिकच ठराव, घटना, सभासदसंख्या आणि संप यांच्या आधारे होते. कादंबरीचे काम वेगळे आहे. ठराव ज्याच्या बाबतीत झाला त्या माणसाला तो कसा ऐकू आला, हे ती दाखवू शकते. विल्यम ॲटवे यांची ‘ब्लड ऑन द फोर्ज’ (१९४१), चेस्टर हाइम्स यांची ‘लोनली क्रूसेड’ (१९४७) आणि रॅल्फ एलिसन यांची ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) या तीन कादंबऱ्यांत कृष्णवर्णीय कामगार आणि कामगार संघटना समोरासमोर येतात. त्या भेटीचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या कादंबऱ्यांच्या एकत्रित वाचनातून असे दिसते, की संघर्षाचा खरा मुद्दा कोणत्या प्रश्नाला किती वजन द्यावे हा नव्हताच. ‘सामान्य कामगार’ म्हणून कोणाला ग्राह्य धरायचे आणि कोणाचा अनुभव ‘विशेष बाब’ म्हणून बाजूला ठेवायचा, हे ठरविण्याच्या अधिकाराचा तो प्रश्न होता. वाङ्मयीन समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर तो प्रातिनिधिकतेचा प्रश्न होता.

२

पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घेतली पाहिजे. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या महासंघाने कामगारांच्या ऐक्याची भाषा केली. पण त्याच्याशी संलग्न असलेल्या अनेक कुशल कारागिरांच्या संघटनांनी कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले. काहींनी तसा नियमच केला होता, तर काहींनी तो न लिहिता पाळला. १९३० नंतरच्या दशकात उद्योगनिहाय संघटना बांधणाऱ्या सीआयओने हे चित्र पुष्कळ बदलले. पोलाद, मोटारी, मांसप्रक्रिया अशा उद्योगांत कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते आणि त्यांना वगळून संप यशस्वी होणे अशक्य होते. हा बदल केवळ हिशेबापोटी झाला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मांसप्रक्रिया कामगारांच्या संघटनेसारख्या काही संघटनांनी कारखान्यातील आणि कारखान्याबाहेरील भेदभावाविरुद्ध सातत्याने काम केले.

त्याच काळात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ (१९३५) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. यादवी युद्धानंतर दक्षिणेत गोरे आणि काळे श्रमिक एकत्र का आले नाहीत, या प्रश्नाचे ड्यू बॉइस यांनी दिलेले उत्तर आजही महत्त्वाचे आहे. गोऱ्या श्रमिकाला मिळणारी मजुरी तुटपुंजी होती. परंतु तिच्या जोडीला त्याला सार्वजनिक मानमरातबाच्या रूपाने एक मानसिक वेतन मिळत होते. डेव्हिड रोडिगर यांनी ‘द वेजेस ऑफ व्हाइटनेस’ (१९९१) मध्ये हेच सूत्र पुढे नेऊन, गोऱ्या अमेरिकन कामगाराची कामगार म्हणून असलेली जाणीव आरंभापासूनच वर्णजाणिवेच्या मुशीत घडली, असे दाखवून दिले. या मांडणीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. वर्ण हाच जर वेतनाचा एक भाग असेल, तर ‘आर्थिक’ आणि ‘वांशिक’ अशी दोन पारडी मुळातच वेगळी उरत नाहीत.

३

‘ब्लड ऑन द फोर्ज’ ही कादंबरी १९१९ च्या पोलाद संपाच्या काळात घडते. सुमारे साडेतीन लाख कामगार सहभागी झालेला हा संप जानेवारी १९२० मध्ये अपयशी होऊन संपला. संप मोडण्यासाठी मालकांनी दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय मजूर आणले होते. ॲटवे यांनी केंटकीतील खंडकरी कुळांतील तीन सावत्र भाऊ निवडले आहेत : बिग मॅट, मेलडी आणि चायनाटाउन. मॅटचा गोऱ्या मुकादमाशी झगडा होतो, तो त्याच्यावर हात टाकतो आणि तिघे भाऊ कारखान्याच्या हस्तकामार्फत मालगाडीच्या बंद डब्यातून रातोरात पेनसिल्व्हेनियात पोहोचतात. तेथे भट्टीच्या स्फोटात चायनाटाउनचे डोळे जातात. गिटार वाजविणाऱ्या मेलडीचा हात जायबंदी होतो. मॅट मात्र आपल्या अफाट ताकदीमुळे भट्टीवर नाव कमावतो.

संघटनेचे कार्यकर्ते या वस्तीत येतात, पण त्यांचे शब्द मॅटपर्यंत पोहोचत नाहीत. त्याला वर्गजाणीव नाही, असे म्हणून हे प्रकरण मिटविता येणार नाही. ज्या स्लाव्ह कामगारांशी त्याने ऐक्य करावे अशी अपेक्षा आहे, त्यांच्या नजरेत तो संप फोडायला आलेला माणूस आहे आणि हा शिक्का त्याच्या कातडीवरूनच बसलेला आहे. अशा वेळी शेरीफ त्याला संपकऱ्यांविरुद्ध शिपाई म्हणून नेमतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गोऱ्या माणसांवर हात उचलण्याचा कायदेशीर अधिकार मिळतो, आणि हा अधिकार त्याला न्यायासारखा भासतो. अखेर एका तरुण स्लाव्ह संपकऱ्याच्या हातून तो मारला जातो. मरतामरता त्याच्या मनात शंका उमटते, की केंटकीत ज्या मुकादमाने आपल्याला छळले त्याचीच जागा तर आपण येथे घेतली नाही ना.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. मॅटच्या छातीवरचा बिल्ला हेही एक समावेशनच आहे. व्यवस्थेने त्याला आत घेतले आहे. पण त्याच्यासारख्याच दुसऱ्या श्रमिकांना चिरडण्यासाठी. आर्थिक आशय काढून घेतलेले समावेशन कोठे जाऊन पोहोचते, हे याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही. त्याच वेळी हेही तितकेच खरे, की संघटनेने त्याच्यापुढे ठेवलेल्या ऐक्यात त्याच्या अपमानाला जागाच नव्हती. मालकाने ती जागा पाहिली आणि वापरली. मॅटची शोकांतिका या दोन्ही बाजूंच्या मधोमध घडते.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर तिचे परीक्षण करताना तरुण रॅल्फ एलिसन यांनी एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. ॲटवे यांना जुन्या ग्रामीण लोकजीवनाचा विनाश दिसला; त्या विनाशातून घडणारा नवा, संघटित, जाणता कृष्णवर्णीय कामगार त्यांनी रंगविला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या आक्षेपामागे समीक्षेची एक जुनी परंपरा उभी आहे. एंगल्स यांनी १८८८ मध्ये मार्गारेट हार्कनेस या कादंबरीकर्तीला लिहिलेल्या पत्रात, तिच्या कादंबरीतील कामगार निष्क्रिय दिसतात आणि म्हणून तिचा वास्तववाद अपुरा पडतो, अशी तक्रार केली होती. पुढे लुकाच यांनी प्रातिनिधिक व्यक्तिरेखेची संकल्पना विकसित केली. त्यांच्या मते प्रातिनिधिक व्यक्तिरेखा म्हणजे सरासरी माणूस नव्हे. ऐतिहासिक शक्तींचे सामान्य आणि व्यक्तीचे विशेष जिच्यात एकजीव होतात ती व्यक्तिरेखा प्रातिनिधिक. एलिसन यांची अपेक्षा याच संकल्पनेतून आलेली आहे. परंतु ‘ब्लड ऑन द फोर्ज’चे मर्म असे, की तिच्या जगात मॅटला प्रातिनिधिक होण्याची सोयच ठेवलेली नाही. स्लाव्ह कामगार स्वतःपुरते बोलला तरी तो ‘कामगार’ म्हणून बोलतो. मॅट कामगार म्हणून बोलू लागला तरी तो ‘काळा’ म्हणूनच ऐकला जातो. सामान्य आणि विशेष यांची सांगड घालायची तर आधी ‘सामान्य’ या पदावर दोघांचाही हक्क असावा लागतो. येथे तो एकाचाच आहे.

४

एलिसन यांनी स्वतः कादंबरी लिहिली तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती, आणि आपल्या जुन्या आक्षेपाला त्यांनी जणू कलाकृतीतूनच उत्तर दिले. ‘इन्व्हिजिबल मॅन’मधील रंगाच्या कारखान्याचे प्रकरण या दृष्टीने अतिशय अर्थपूर्ण आहे. या कारखान्याची ख्याती तेथे तयार होणाऱ्या शुभ्र पांढऱ्या रंगाबद्दल आहे, आणि तो शुभ्रपणा येण्यासाठी प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब टाकून ते ढवळावे लागतात. हे रूपक उघड आहे. समीक्षकांनी ते पुष्कळदा उलगडले आहे. त्यामानाने त्याच प्रकरणातील कामगार संघटनेचा प्रसंग दुर्लक्षित राहिला आहे.

संघटनेच्या दराने वेतन द्यावे लागू नये म्हणून कंपनी जुन्या कामगारांना काढून कृष्णवर्णीय तरुणांना कामावर घेत असते. निवेदकाची नेमणूक याच धोरणातून झालेली आहे, आणि हे त्याला कामावर रुजू होतानाच कळते. जेवणाच्या सुट्टीत आपला डबा आणायला तो कपडे बदलण्याच्या खोलीत जातो, तेव्हा तेथे संघटनेची सभा चालू असते. सभासद त्याच्याकडे मालकाचा हेर म्हणून पाहतात. तो तसा आहे की नाही याची चौकशी करावी असा ठराव रीतसर मांडला जातो, त्यावर चर्चा होते, मत घेतले जाते. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला मात्र बोलू दिले जात नाही. तेथून तो तळघरात परततो. तेथे लूशियस ब्रॉकवे हा वृद्ध कृष्णवर्णीय यंत्रचालक आहे. कारखान्याचा पाया आपणच सांभाळतो या अभिमानावर आणि मालकावरील निष्ठेवर तो जगत आला आहे. निवेदक संघटनेच्या सभेला गेला होता एवढे कळताच तो त्याच्या जिवावर उठतो.

एका तासात एकाच माणसावर दोन परस्परविरोधी आरोप होतात : संघटनेच्या लेखी तो मालकाचा, तर मालकनिष्ठ ब्रॉकवेच्या लेखी संघटनेचा. दोन्ही ठिकाणी त्याचे म्हणणे विचारात घेतले जात नाही. या प्रसंगातील संघटनेच्या कार्यपद्धतीकडे लक्ष दिले पाहिजे. सभेचे कामकाज लोकशाही पद्धतीने चालते. ठराव, चर्चा, मतदान यांत कसलीही त्रुटी नाही. वर्णद्वेषाचा एकही शब्द न उच्चारता वगळणूक पूर्ण होते, कारण कोणी बोलायचे आणि कोणाविषयी बोलायचे हे सभा सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते.

पुढे निवेदक ‘ब्रदरहुड’ या पुरोगामी संघटनेचा वक्ता होतो. साम्यवादी पक्षाचे नाव कादंबरीत येत नसले तरी संदर्भ ओळखू येतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियावर आक्रमण झाल्यानंतर अमेरिकन साम्यवादी पक्षाने युद्धप्रयत्नांना अग्रक्रम दिला आणि वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची धार बोथट झाली, असा अनेक कृष्णवर्णीय लेखकांचा अनुभव होता. पक्षाशी फारकत घेतल्यानंतर रिचर्ड राइट यांनी १९४४ मध्ये आपल्या भ्रमनिरासाचे जाहीर निवेदन केले ते याच काळात. कादंबरीत हार्लेमच्या स्थानिक प्रश्नांचा व्यापक उद्दिष्टासाठी बळी दिला जातो आणि त्याचे तात्त्विक समर्थन निवेदकाला शांतपणे ऐकविले जाते. विचार करण्याचे काम आपले नव्हे, हेही त्याला सांगितले जाते. येथे ब्रदरहुडचे आर्थिक विश्लेषण चुकीचे असल्याचे एलिसन कोठेही म्हणत नाहीत. घरातून सामानासह रस्त्यावर काढल्या जाणाऱ्या वृद्ध जोडप्याचा प्रसंग हा कादंबरीतील उत्कट प्रसंगांपैकी एक आहे, आणि तो प्रश्न पूर्णतः आर्थिक आहे. त्यांचा आक्षेप विश्लेषणाच्या मालकीवर आहे. ज्यांच्या जगण्याचे विश्लेषण चालले आहे त्यांना त्यात केवळ उदाहरण म्हणून स्थान आहे.

५

‘लोनली क्रूसेड’ ही तिघींपैकी सर्वांत कमी वाचली गेलेली आणि आपल्या विषयाशी सर्वांत थेट भिडणारी कादंबरी होय. युद्धकाळातील लॉस एंजेलिस येथील विमानांच्या कारखान्यात ली गॉर्डन या सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुणाला संघटक म्हणून नेमले जाते. कृष्णवर्णीय कामगारांना संघटनेत आणणे हे त्याचे काम. असे कारखाने कृष्णवर्णीयांना खुले झाले त्यामागे ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची दिलेली हाक होती. तिच्या दबावामुळे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ रोजी संरक्षण उद्योगांतील भेदभावाला मनाई करणारा आदेश काढला. दार उघडले, आत गेल्यावर काय, हा हाइम्स यांचा विषय आहे.

कंपनीचा व्यवस्थापक फॉस्टर लीला चांगल्या पगाराची जागा देऊ करतो. संघटनेने त्याला कधी देऊ केली नव्हती अशी प्रतिष्ठा त्या जागेत आहे. ली ती नाकारतो. पण त्यामुळे त्याचा संघटनेशी असलेला पेच सुटत नाही. संघटना सर्वांना समान वागविते, हे तिच्या पदाधिकाऱ्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे. लीच्या मनात मात्र हळूहळू असा विचार आकार घेतो, की ज्यांची सुरुवातच मागून झाली आहे त्यांच्यासाठी समान वागणूक पुरेशी नाही; समानतेपर्यंत पोहोचण्यासाठीच त्यांना अधिक काही द्यावे लागेल. संघटनेच्या दृष्टीने ही विशेष सवलतीची मागणी ठरते, आणि तिने ऐक्याला तडा जाईल अशी भीती व्यक्त होते. या वादात हाइम्स कोणालाही सोपा विजय मिळू देत नाहीत. ली स्वतः कमकुवत, संशयग्रस्त, पत्नीशी क्रूरपणे वागणारा माणूस आहे. शेवटी तो संघटनेचे खाली पडलेले निशाण उचलून पोलिसांच्या दिशेने चालू लागतो. हा शेवट अनेकांना कृत्रिम वाटला. तरीही त्यातील एक गोष्ट नोंदविली पाहिजे : लीला संघटना पूर्णपणे आपली वाटू लागली म्हणून तो निशाण उचलत नाही, ते उचलून तो तिच्यावर आपला हक्क सांगतो.

लीचा प्रश्न कादंबरीपुरता मर्यादित नाही, हे पोलाद उद्योगाच्या पुढील इतिहासावरून दिसते. या उद्योगात संघटनेने मिळविलेला मोठा हक्क म्हणजे ज्येष्ठतेचा नियम. बढती किंवा कपात मुकादमाच्या मर्जीने न होता नोकरीच्या वर्षांनुसार व्हावी, हा नियम सर्वांना सारखा लागू होता. परंतु पुष्कळ ठिकाणी ज्येष्ठता विभागापुरती मोजली जाई, आणि कृष्णवर्णीयांची भरती कोक भट्ट्यांसारख्या उष्ण, घाणेरड्या, कमी वेतनाच्या विभागांत केली जाई. चांगल्या विभागात जायचे तर वीस वर्षांची ज्येष्ठता सोडून तळापासून आरंभ करावा लागे. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. १९७४ मध्ये पोलाद कंपन्या, संघटना आणि शासन यांच्यात न्यायालयामार्फत झालेल्या समझोत्याने संपूर्ण कारखान्याची ज्येष्ठता मोजण्याचा मार्ग खुला केला; पण तोवर अमेरिकन पोलाद उद्योगाची उतरण सुरू होण्याच्या बेतात होती. सार्वत्रिक नियम कोणाच्या अनुभवाला मापदंड मानून बनविला आहे, हा प्रश्न वेळेवर न विचारण्याची किंमत अशी असते.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो डावीकडूनच घेतला गेला आहे. वॉल्टर बेन माइकल्स या साहित्यसमीक्षकांनी ‘द ट्रबल विथ डायव्हर्सिटी’ (२००६) या पुस्तकात असे प्रतिपादन केले, की विविधतेच्या गौरवाने आर्थिक विषमतेवरील लक्ष उडविले आहे. विषमता सर्व वर्णांत प्रमाणशीर वाटली गेली तरी ती विषमताच राहते. श्रीमंतांच्या वर्गात पुरेसे कृष्णवर्णीय आले म्हणून गरिबांचे काहीही बदलत नाही. ॲडॉल्फ रीड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय राज्यशास्त्रज्ञानेही या मताशी जुळणारी भूमिका सातत्याने मांडली आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात बर्नी सँडर्स यांच्या उमेदवारीच्या निमित्ताने हा वाद पुन्हा पेटला.

या आक्षेपातील सत्य नाकारण्याचे कारण नाही. मॅटचा बिल्ला आणि फॉस्टरने लीपुढे ठेवलेली जागा ही या सत्याची वाङ्मयीन साक्षच आहे. ॲटवे आणि हाइम्स यांनी ती माइकल्स यांच्या अर्धशतकाहून अधिक आधी नोंदविली. मात्र माइकल्स यांच्या मांडणीत ‘आर्थिक’ हे पद वर्णनिरपेक्ष गृहीत धरले जाते, आणि येथे ती इतिहासाशी विसंगत ठरते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आणि त्याच वर्षीच्या कामगार संघटनाविषयक कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. त्यामागील हेतूंबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परिणामाबद्दल नाहीत. दक्षिणेतील कृष्णवर्णीय श्रमिकांचा मोठा भाग या दोन व्यवसायांत होता. नव्या आर्थिक न्यायाच्या कायद्याने ज्याला ‘कामगार’ म्हटले त्या व्याख्येतच तो बसत नव्हता.

येथे आपल्या तीन कादंबऱ्यांचीही मर्यादा उघड होते. तिन्हींचा नायक पुरुष आहे, आणि श्रमाचे प्रमुख स्थळ कारखाना आहे. त्यांतील स्त्रिया इच्छेच्या, आधाराच्या किंवा विश्वासघाताच्या रूपात येतात. श्रमिक म्हणून त्यांना फारसे स्थान नाही. ॲन पेट्री यांच्या ‘द स्ट्रीट’ (१९४६) मधील लूटी जॉन्सन ही गोऱ्या कुटुंबात राहून घरकाम करणारी आणि नंतर हार्लेममध्ये एकटीने मुलाला वाढविणारी स्त्री या तिन्ही कादंबऱ्यांच्या चौकटीबाहेर उभी आहे. तिच्यासाठी संघटना नाही, सभा नाही, तिच्याविषयी ठरावही नाही. वगळले गेलेल्यांनी घडविलेल्या प्रातिनिधिकतेतही कोणी वगळले जाते, याचे भान समीक्षेने ठेवले पाहिजे.

७

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली; डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीय साहित्याची तुलना झाली ती मुख्यतः विद्रोह आणि आत्मशोध या अंगांनी. श्रमाचे स्थळ त्या तुलनेत मागे राहिले. वस्तुतः साम्याचा अधिक ठोस दुवा तेथेच आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. जातिव्यवस्थेने श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी केली, या त्यांच्या पुढे १९३६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तामागे असा प्रत्यक्ष अनुभव होता. पोलादाच्या कोक भट्ट्या आणि गिरणीचे विणकाम खाते यांच्यातील साम्य अलंकारिक नाही. दोन्हीकडे खात्याची भिंत हीच वेतनाचीही भिंत होती.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचे वाचन या पार्श्वभूमीवर करता येते. रेल्वेतील कामगारांमध्ये जात लपवून राहिलेल्या निवेदकाला तेथे स्नेह आणि आदर मिळतो. जात उघड होताच त्याच माणसांकडून मार मिळतो. मॅट किंवा ली यांना लपण्याची सोय नाही; बागुलांच्या निवेदकाला ती आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. वर्ण दिसतो, जात विचारली जाते. त्यामुळे बागुलांच्या कथेत काही काळ ‘सामान्य कामगार’ होण्याचा अनुभव खरोखर घेता येतो. पण त्याची किंमत म्हणून स्वतःचा अर्धा भाग गाडून टाकावा लागतो. कामगारांच्या ऐक्याने ज्याच्याकडून अनुल्लेखाची अट घातली जाते त्याची अवस्था या कथेइतकी नेमकी फार थोड्या ठिकाणी व्यक्त झाली असेल.

८

तोलाच्या प्रतिमेला पर्याय काय, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर एखाद्या नव्या रूपकात शोधण्यापेक्षा कृष्णवर्णीय कामगारांनी स्वतः केलेल्या मागण्यांत शोधणे अधिक योग्य होईल. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन येथील मोर्चाच्या नावातच रोजगार आणि स्वातंत्र्य हे दोन शब्द एकत्र होते. १९६६ मध्ये रँडॉल्फ आणि बेयार्ड रस्टिन यांनी पुढे आणलेल्या ‘फ्रीडम बजेट’मध्ये पूर्ण रोजगार, निवारा आणि आरोग्य यांचा कार्यक्रम सर्व अमेरिकन नागरिकांसाठी होता, तो आखताना मात्र मापदंड म्हणून सर्वांत तळच्यांचा अनुभव घेतला होता. १९६८ मध्ये मेम्फिस येथे कचरा उचलणाऱ्या सुमारे तेराशे कृष्णवर्णीय कामगारांनी संप केला. त्याआधी दोन कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले होते. वेतनवाढ, सुरक्षितता आणि संघटनेला मान्यता या त्यांच्या मागण्या होत्या. हातातल्या फलकावर मात्र ते आपण माणूस आहोत एवढेच सांगत होते. या संपाला पाठिंबा देण्यासाठी मार्टिन लूथर किंग मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिल रोजी तेथेच त्यांची हत्या झाली. त्या फलकातील विधान आर्थिक की वांशिक, असा प्रश्न त्या संपकऱ्यांना पडला असेल असे वाटत नाही. संघटनेला मान्यता मिळाली तेव्हा तिच्यात दोन्ही गोष्टी मिळाल्या होत्या.

मॅटला, एलिसन यांच्या निवेदकाला आणि लीला जे लाभले नाही ते मेम्फिसच्या कामगारांनी काही काळ मिळविले : स्वतःच्या विशिष्ट अनुभवातून सार्वत्रिक मागणी मांडण्याचा अधिकार. समीक्षेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की प्रातिनिधिक व्यक्तिरेखेची संकल्पना टाकून देण्याची गरज नाही. ती कोणाला उपलब्ध आहे याची चौकशी मात्र प्रत्येक वेळी नव्याने करावी लागेल. कादंबरीत कामगार दिसतो का, एवढे विचारून भागणार नाही. त्या कादंबरीतील सभेत ठराव कोण मांडतो, आणि ज्याच्याविषयी तो मांडला जातो त्याला बोलता येते का, हेही पाहिले पाहिजे.